ई-मेल प्रणालीतील डेटा फाईलचा आकार कमी करणे : तत्त्व, पद्धती आणि दक्षता

बीजसंज्ञा : ई-मेल, आउटलुक, पीएसटी फाईल, कॉम्पॅक्शन, अटॅचमेंट, युनिकोड, अभिलेख

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या कामकाजात गेल्या पंचवीस वर्षांत ई-मेलने पत्रव्यवहाराच्या फाईलची जागा घेतली आहे. विद्यापीठाची परिपत्रके, परीक्षा विभागाच्या सूचना, शोधनिबंधांचे मसुदे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी तपासण्यासाठी पाठविलेली प्रकरणे, नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालासाठी गोळा केलेली छायाचित्रे हे सारे याच मार्गाने येते आणि येथेच साठून राहते. हा साठा ज्या फाईलमध्ये असतो तिचा आकार प्रमाणाबाहेर वाढल्याचे वापरणाऱ्याच्या लक्षात बहुधा सॉफ्टवेअर उघडेनासे झाल्यावरच येते. मग घाईघाईने शेकडो संदेश डिलीट केले जातात. त्यानंतर फाईलचा आकार पाहावा, तर तो तसूभरही कमी झालेला नसतो.

संदेश पुसूनही जागा का सुटत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या फाईलच्या अंतर्गत रचनेत आहे. प्रस्तुत लेखात ही रचना समजावून देण्याचा आणि तिच्यातून निघणारा कामाचा क्रम सांगण्याचा प्रयत्न केला आहे. हे विवेचन मुख्यतः मायक्रोसॉफ्ट आउटलुकच्या, संगणकावर स्थापित करून वापरल्या जाणाऱ्या पारंपरिक आवृत्तीपुरते मर्यादित आहे. थंडरबर्ड आणि आउटलुक एक्सप्रेस यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

पीएसटी आणि ओएसटी

आउटलुक दोन प्रकारच्या डेटा फाईल वापरते आणि त्यांतील भेद न ओळखता काम सुरू करणे धोक्याचे आहे. पॉप पद्धतीच्या खात्याचे संदेश सर्व्हरवरून उतरवून घेतले जातात व पीएसटी फाईलमध्ये ठेवले जातात. सर्व्हरवर प्रत राहू देण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर त्या पत्रव्यवहाराची जगातील एकमेव प्रत म्हणजे आपल्या संगणकावरील ती एक फाईल असते. ओएसटी फाईलचे स्वरूप याहून निराळे आहे. एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्याचा मूळ साठा सर्व्हरवर असतो आणि ओएसटी ही त्याची संगणकावरील प्रतिकृती असते. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यांसाठीही ओएसटीच वापरली जाते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ओएसटीचा आकार कमी करण्यासाठी संदेश पुसण्याची गरज बहुधा नसते. एक्स्चेंज खात्याच्या सेटिंगमध्ये किती महिन्यांचे संदेश संगणकावर ठेवायचे हे ठरविता येते. हा कालावधी एका वर्षावर किंवा सहा महिन्यांवर आणला, तरी जुने संदेश सर्व्हरवर सुरक्षित राहतात. उलट, ओएसटी असलेल्या खात्यातून 'संगणकावरची जागा वाचविण्यासाठी' संदेश पुसला, तर तो सर्व्हरवरूनही जातो. ही चूक फार सहज घडते. पीएसटीच्या बाबतीत मात्र सर्व निर्णय आणि सर्व जबाबदारी वापरणाऱ्याची असते. म्हणून पुढील विवेचन तिच्याविषयी आहे.

पुसलेला संदेश कोठे जातो?

पीएसटी फाईलची रचना दीर्घकाळ मायक्रोसॉफ्टची अंतर्गत बाब होती. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीने तिचे तांत्रिक विवरण प्रसिद्ध केले आणि त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकांनाही ही रचना नेमकेपणाने पाहता येऊ लागली.

फाईलमधील जागेचे वाटप ६४ बाईटच्या तुकड्यांत केले जाते. कोणता तुकडा वापरात आहे व कोणता मोकळा आहे, याची नोंद ठेवण्यासाठी फाईलमध्ये ठरावीक अंतरावर 'वाटप-नकाशे' असतात. असा एक नकाशा ५१२ बाईटचा असतो. त्यांतील ४९६ बाईट प्रत्यक्ष नोंदींसाठी असतात. प्रत्येक बाईटमध्ये आठ बिट आणि प्रत्येक बिट एका तुकड्यासाठी, या हिशेबाने एक नकाशा २,५३,९५२ बाईटची, म्हणजे बरोबर २४८ किलोबाईटची, व्यवस्था पाहतो. दोन गीगाबाईटच्या फाईलमध्ये असे सुमारे साडेआठ हजार नकाशे असतात.

एखादा संदेश 'डिलीटेड आयटेम्स' या फोल्डरमध्ये टाकला जातो तेव्हा तो केवळ एका फोल्डरमधून दुसऱ्यात जातो. जागेच्या दृष्टीने त्यामुळे काहीच बदलत नाही. तो फोल्डर रिकामा केल्यावर संदेशाने व्यापलेल्या तुकड्यांसमोरची नोंद 'मोकळा' अशी होते. फाईलची लांबी मात्र तेवढीच राहते.

वसतिगृहाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. विद्यार्थी खोली सोडून गेला की नोंदवहीत ती खोली रिकामी म्हणून दाखविली जाते. इमारत त्यामुळे लहान होत नाही. पुढचा विद्यार्थी आला की तीच खोली त्याला मिळते. आउटलुकही नव्या संदेशांना आधी या मोकळ्या जागा देते, आणि म्हणूनच संदेश पुसण्याचा एक अप्रत्यक्ष लाभ असा असतो, की फाईल काही काळ वाढत नाही. इमारत खरोखर लहान करावयाची असेल, तर मागच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना पुढच्या रिकाम्या खोल्यांत हलवावे लागेल आणि मग मागची बाजू पाडावी लागेल. फाईलच्या बाबतीत याच प्रक्रियेला 'कॉम्पॅक्शन' म्हणतात. आउटलुक ही प्रक्रिया संगणक रिकामा असताना पार्श्वभूमीवर थोडी थोडी करीत असते. परंतु काम संपताच संगणक बंद करण्याची आपली सवय पाहता तिला पुरेसा अवधी क्वचितच मिळतो.

थंडरबर्डमध्ये तत्त्व हेच आहे, साधन वेगळे. तेथे प्रत्येक फोल्डरची सामान्यतः एक सलग मजकूर-फाईल असते. डिलीट केलेल्या संदेशाच्या शीर्षभागात तशी खूण केली जाते आणि संदेश यादीतून दिसेनासा होतो, पण मजकूर फाईलमध्ये जागच्या जागी राहतो. 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' ही आज्ञा दिल्यावर खूण नसलेले संदेश नव्या फाईलमध्ये उतरविले जातात व जुनी फाईल काढून टाकली जाते. यासाठी डिस्कवर त्या फोल्डरइतकी मोकळी जागा आधी असावी लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर जागा करण्यासाठी कॉम्पॅक्शनकडे वळणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते.

दोन गीगाबाईटची मर्यादा आणि देवनागरी

आउटलुक ९७ पासून आउटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत पीएसटी फाईलमधील स्थाने ३२ बिटांत नोंदविली जात आणि फाईलची कमाल मर्यादा दोन गीगाबाईट होती. या मर्यादेपाशी फाईल पोहोचली की नवा संदेश घेता येत नसे आणि पुष्कळदा फाईल उघडतही नसे. अशा फाईलसाठी मायक्रोसॉफ्टने एक साधन उपलब्ध करून दिले होते. ते फाईलच्या शेवटाचा काही भाग कापून टाकत असे आणि त्यानंतर दुरुस्तीचे साधन चालवावे लागत असे. कापलेल्या भागात कोणते संदेश होते, हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता. तारखेने शेवटचे संदेशच फाईलच्या शेवटी असतात असे नाही. मोकळी झालेली कोणतीही जागा कोणत्याही संदेशाला मिळालेली असते. आकार कमी करण्याचा हा अत्यंत नाइलाजाचा मार्ग होता.

आउटलुक २००३ मध्ये नवी, युनिकोडवर आधारलेली पीएसटी आली. तिची प्रारंभिक मर्यादा २० गीगाबाईट होती. आउटलुक २०१० पासून ती ५० गीगाबाईट झाली. मराठी वापरणाऱ्यांच्या दृष्टीने या बदलाला आकाराहून वेगळेही महत्त्व आहे. जुन्या फाईलमध्ये देवनागरी लिपीतील विषय-ओळ वा नाव नीट साठविता येत नसे व त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. नवी आवृत्ती स्थापित केली म्हणजे जुनी फाईल आपोआप नव्या प्रकारची होते, हा समज मात्र चुकीचा आहे. आउटलुक तीच जुनी फाईल तिच्या जुन्या मर्यादेसह पुढे चालवीत राहते. फाईलच्या सेटिंगमध्ये '९७-२००२' असा उल्लेख दिसल्यास नवी पीएसटी तयार करून सर्व फोल्डर तिच्यात हलविणे हाच उपाय आहे. त्या ओघात जुन्या फाईलमधील मोकळे तुकडे मागेच राहतात, त्यामुळे नवी फाईल आपोआप आटोपशीर होते.

येथे एक शंका उपस्थित होते. युनिकोड देवनागरीमुळे फाईल फुगते काय? 'महाविद्यालय' या शब्दात युनिकोडची ११ चिन्हे आहेत. पीएसटीमध्ये हा शब्द २२ बाईट घेतो. संदेश पाठविताना यूटीएफ-८ पद्धतीत तो ३३ बाईट होतो. बेस-६४ संकेतनात ४४ आणि कोटेड-प्रिंटेबल संकेतनात ९९ बाईट होतो. प्रवासात मराठी मजकूर इंग्रजीच्या कितीतरी पट जड असतो, हे खरे. तथापि नऊपट फुगलेले हजार शब्दांचे मराठी पत्रसुद्धा मोबाईलवर काढलेल्या एका छायाचित्राच्या पासंगाला पुरत नाही. जागेची बचत करण्यासाठी रोमन लिपीत मराठी लिहिण्याचे समर्थन कोणी करीत असेल, तर त्यास तांत्रिक आधार नाही.

आकार कशाने वाढतो?

प्राध्यापकाच्या पीएसटीत जागा व्यापतात त्या मुख्यत्वे अटॅचमेंट. आणि त्यांतही एकाच फाईलच्या अनेक प्रती. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने आपले प्रकरण पाच वेळा सुधारून पाठविले, तर पाचही प्रती इनबॉक्समध्ये राहतात. मार्गदर्शकाने शेरे लिहून परत पाठविलेल्या पाच प्रती 'सेंट आयटेम्स'मध्ये राहतात. इनबॉक्स आवरताना हा दुसरा फोल्डर बहुतेकांच्या ध्यानातही नसतो. संदेशाला उत्तर दिले असता मूळ अटॅचमेंट गळून पडते, पण तोच संदेश पुढे पाठविला असता ती सोबत जाते. महाविद्यालयाचे बोधचिन्ह सहीखाली चित्ररूपात लावण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. ते चित्र अनेकदा प्रत्येक उत्तराबरोबर नव्याने साठविले जाते. बोधचिन्हाची फाईल दोन मेगाबाईटची असेल, तर वर्षभरातील पाचशे उत्तरांत एक गीगाबाईट केवळ बोधचिन्हाने व्यापले जाईल.

संदेशाबरोबर प्रवास करणारी अटॅचमेंट बेस-६४ संकेतनात असते. यात दर तीन बाईटचे चार होतात आणि ओळी तोडण्याची चिन्हे धरून वाढ सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत जाते. पीएसटीमध्ये ठेवताना आउटलुक ती मूळ रूपात आणते. थंडरबर्ड मात्र संदेश आला तसाच, संकेतनासह ठेवते. तोच पत्रव्यवहार थंडरबर्डमध्ये अधिक जागा घेतो त्याचे एक कारण हे आहे.

सबंध पीएसटीची झिप फाईल केल्याने लाभ होईल अशी अपेक्षा असते. पीडीएफ, जेपीईजी छायाचित्रे आणि वर्डच्या २००७ नंतरच्या फाईल मुळातच संकुचित असल्याने ती बहुधा फोल ठरते.

कामाचा क्रम

पहिली पायरी प्रतीची. आउटलुक पूर्णपणे बंद करून पीएसटी फाईलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. आउटलुक चालू असताना घेतलेली प्रत भरवशाची नसते. पेन ड्राईव्ह वापरायचा असल्यास त्याचे फॉरमॅट पाहावे, कारण फॅट-३२ पद्धतीत चार गीगाबाईटहून मोठी फाईल बसतच नाही. सहा गीगाबाईटची पीएसटी ३२ गीगाबाईटच्या रिकाम्या पेन ड्राईव्हवर जात नाही, याचे कारण तेवढेच असते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅट केल्यास ती जाते. मूळ फाईल स्थानिक नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तेथूनच वापरणे मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. विभागातील सर्व संगणकांचे संदेश एका सर्व्हरवर ठेवण्याचा मोह तेव्हा टाळावा.

फाईल उघडताना त्रुटीचे संदेश येत असतील, तर आउटलुकसोबत येणारे 'इनबॉक्स रिपेअर टूल' आधी चालवावे. बिघडलेल्या फाईलवर कॉम्पॅक्शन करणे म्हणजे पडक्या भिंतीवर मजला चढविणे होय.

यानंतर निवड. आउटलुकमध्ये मोठ्या संदेशांसाठी शोध-फोल्डर तयार करता येतो आणि किमान आकार आपणास ठरविता येतो. पाच मेगाबाईटपासून आरंभ करावा. संदेशांची संख्या थोडी आणि व्यापलेली जागा मोठी, असे चित्र जवळजवळ नेहमी दिसते. दोन-दोन ओळींचे हजारो संदेश पुसण्यात दुपार घालविण्यापेक्षा मोठ्या अटॅचमेंट असलेले शंभर संदेश पाहणे अधिक फलदायी होय. यांतील संदेश पुसण्याची आवश्यकता नाही. अटॅचमेंट योग्य नावाने हार्ड डिस्कवरील फोल्डरमध्ये जतन करावी, ती उघडते याची खात्री करावी, मग संदेशातून तेवढीच काढून टाकून संदेश पुन्हा जतन करावा. कोणी, कोणास, कोणत्या दिवशी, काय पाठविले याचा पुरावा त्यामुळे शाबूत राहतो. जतन केलेली फाईल कोठे आहे हे संदेशाच्या मजकुरात एका ओळीत लिहून ठेवल्यास पुढे शोधाशोध वाचते.

आउटलुकमधील 'ऑटो-आर्काइव्ह' या सोयीविषयी गैरसमज बराच आहे. ती जुने संदेश संकुचित करीत नाही. ते एका फाईलमधून दुसऱ्या पीएसटीत हलविते. मुख्य फाईल हलकी होते, पण डिस्कवरची एकूण जागा वाचत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात ही दुसरी फाईल पूर्वयोजनेनुसार एका अदृश्य फोल्डरमध्ये तयार होई. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी 'माय डॉक्युमेंट्स'ची प्रत घेतली की सर्व काही आले, असे समजणाऱ्यांचा जुना पत्रव्यवहार त्या अदृश्य फोल्डरसह नाहीसा होत असे. ही सोय वापरावयाची असेल, तर त्या फाईलचे स्थान आणि नाव स्वतः ठरवावे. वर्षवार पीएसटी केल्यास उत्तम.

शेवटी 'डिलीटेड आयटेम्स' व 'जंक' हे फोल्डर रिकामे करून कॉम्पॅक्शन करावे. अकाउंट सेटिंग्जमधील 'डेटा फाईल्स' या भागात संबंधित फाईल निवडून 'सेटिंग्ज' आणि त्यात 'कॉम्पॅक्ट नाऊ' असा मार्ग आहे. फाईल मोठी असल्यास या कामाला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो आणि मध्ये ते थांबविणे इष्ट नव्हे. भारनियमन असलेल्या गावी यूपीएसवाचून ते करू नये. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा. आउटलुक एक्सप्रेसच्या काळात कॉम्पॅक्शन अर्धवट राहून संपूर्ण फोल्डर गमावल्याच्या तक्रारी असत. हे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीबरोबरच मागे पडले असले, तरी जुन्या संगणकांवर त्याच्या डीबीएक्स फाईल अद्याप पडून असतात. त्यांना हात लावण्यापूर्वी प्रत घेणे अधिकच अगत्याचे आहे.

पुसणे, गोपनीयता आणि अभिलेख

वर सांगितलेल्या रचनेचा एक परिणाम परीक्षाविषयक कामाशी निगडित आहे. डिलीट केलेल्या संदेशाचे तुकडे 'मोकळे' ठरले, तरी त्यांवर नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर फाईलमध्ये राहू शकतो व विशेष साधनांनी तो परत मिळविता येतो. प्रश्नपत्रिकेचा मसुदा ई-मेलने आला आणि काम झाल्यावर पुसला, एवढ्याने तो नाहीसा झाला असे मानता येत नाही. पीएसटीला पासवर्ड लावल्याचे समाधानही फसवे आहे. फाईलमध्ये त्या पासवर्डचा केवळ ३२ बिटांचा एक तपासणी-अंक ठेवलेला असतो आणि त्याचा उपयोग आउटलुकने फाईल उघडू न देण्यापुरताच होतो; आतील मजकूर त्या पासवर्डने कुलूपबंद होत नाही. गोपनीय मजकूर ज्या संगणकावर आहे, त्याची संपूर्ण डिस्क संकेतबद्ध करणे हा खरा उपाय आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चुकून पुसलेला संदेश कॉम्पॅक्शनपूर्वी परत मिळण्याची काही आशा असते, नंतर ती जवळजवळ उरत नाही. म्हणून पुसणे आणि कॉम्पॅक्शन एकाच बैठकीत करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मध्ये आठवडा जाऊ द्यावा. तेवढ्यात कोणाला ना कोणाला पुसलेल्यापैकी काही हवे असल्याचे हमखास आठवते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम २(च) मध्ये 'माहिती' या संज्ञेत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. शासकीय महाविद्यालयांना, तसेच शासनाकडून मोठ्या प्रमाणात अर्थसाहाय्य मिळणाऱ्या संस्थांना हा अधिनियम लागू होतो. प्राचार्य, विभागप्रमुख वा परीक्षा अधिकारी या नात्याने आलेला पत्रव्यवहार त्यामुळे केवळ व्यक्तिगत साठा राहत नाही. ज्या माहितीसाठी अर्ज आलेला आहे ती नष्ट केल्यास कलम २० अन्वये माहिती अधिकाऱ्यास दर दिवशी २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. 'संगणक भरला होता म्हणून पुसले' हे उत्तर ग्राह्य धरले जाईल, असे समजण्याचे कारण नाही.

प्रवेश, परीक्षा, नेमणुका, अनुदान व संशोधन-मार्गदर्शन यांविषयीच्या संदेशांसाठी वेगळी पीएसटी सुरुवातीपासून ठेवावी आणि तिच्यावर आकार कमी करण्याचे प्रयोग करू नयेत. निवृत्तीच्या वा बदलीच्या वेळी हीच फाईल, कपाटाच्या किल्ल्यांप्रमाणे, नव्या विभागप्रमुखांच्या स्वाधीन करता येते. त्यासाठी पासवर्ड काढलेला असावा आणि फाईल त्यांच्या संगणकावर त्यांच्यासमोर उघडून दाखवावी. आउटलुकच्या नव्या आवृत्तीत पीएसटी फाईल हाताळण्याच्या सोयी मर्यादित आहेत. ती वापरली जात असल्यास स्वाधीन करण्यापूर्वी पारंपरिक आवृत्ती असलेला एक तरी संगणक विभागात आहे ना, हे पाहून घ्यावे.